पानावरचा हात

“...मग त्यात दुसरं नावच दिसत नाही, तर मी जोडू कुणाशी, आऊ? तुम्हीच सांगा!”

उन्मेष इतक्या मोठ्यानं ओरडला की पडवीत बसलेल्या माणसांनी माना वळवल्या.

आऊ पत्रावळ लावत होती. तिनं मान वर केली नाही. एका पळसपानाला दुसरं पान भिडवलं, बांबूची बारीक काडी खुपसली, कट्‌कन मोडली.

“ओरडतोस कुणावर?”

“त्या यंत्रावर!”

“मग तिकडं तोंड करून ओरड. मी हितं बसलीया.”

आणि तिनं तिसरं पान उचललं.

वाघजाईच्या पठारावर आऊचा मठ आहे. मठ म्हणायचं, पण आत ना मूर्ती, ना गादी. एक लांबलचक पडवी, मागं स्वयंपाकघर, कडेला एक खोली आणि पुढं हिरड्याचं झाड. दर अमावास्येला इथं फिट येणारी माणसं येतात. पूर्वी ती घाटाच्या वळणावरच्या भगताकडं जायची. भगत लिंबू उतरायचा, धुरी द्यायचा, आणि तेवढ्यानं भागलं नाही की तापल्या विळ्यानं डाग द्यायचा. आऊ एकदा तिथं गेली, डागलेलं पोर उचलून घेऊन आली, आणि येता येता भगताला सांगून आली, “तुझी अमावास्या आजपास्नं माझी.”

दिवस तिनं मुद्दाम तोच ठेवला. त्या दिवशी घराबाहेर पडायची लोकांच्या पायांना सवय लागलेली होती. ती कशाला मोडा? वाट तेवढी वर वळवली. खालच्या गावातून मणेर डॉक्टरीणबाई जीपनं येतात, तपासतात, गोळ्या देतात, आणि सगळे एका पंगतीला जेवून घरी जातात.

भगत अजून बसतो. त्याच वळणावर. वाट बघत.

आणि उन्मेष हा आऊचा शिष्य. पुण्यातली भलीमोठी नोकरी, गाडी, घर सगळं सोडून आलेला. सोडून आला ते आला, पण इथं आल्यावरही त्याचं सोडणं काही थांबेना. गादी सोडली, चपला सोडल्या, चहा सोडला, मीठ सोडलं. पंगतीत वाढायचं कामसुद्धा सोडलं. वाढताना ‘आणखी घ्या, आणखी घ्या’ म्हणावं लागतं आणि त्यानं मनात रजोगुण उसळतो, असं त्याचं म्हणणं. अपरिग्रह, अपरिग्रह, दिवसभर तोंडात तोच शब्द. काही बाळगायचं नाही, काही साठवायचं नाही.

आऊ यातल्या कशालाच कधी हो म्हणाली नव्हती. नाहीही म्हणाली नव्हती. तिचं गप्प राहणं ही आपल्याला मिळालेली शाबासकी आहे, असा उन्मेषचा समज होता.

आज मात्र त्याची सकाळपासून लाहीलाही झाली होती, आणि कारण होतं कडेच्या खोलीतला संगणक.

कुणाला कुठली गोळी, किती, कधी वाढवली, कधी थांबवली, या सगळ्या नोंदी खालच्या दवाखान्यातल्या सर्व्हरवर साठवलेल्या. मठातल्या संगणकात एक सॉफ्टवेअर. ते उघडायचं, जोडणीच्या खिडकीत दवाखान्याचा सर्व्हर निवडायचा, पासवर्ड घालायचा, की पेशंटची सगळी कुंडली समोर. जुना संगणक पावसाळ्याच्या दमट हवेनं गेला. कुणा भल्या माणसानं नवा दिला. त्यात सॉफ्टवेअर बसवायचं काम अर्थातच उन्मेषचं.

“अगदी हलकं ठेवलंय, आऊ,” काल संध्याकाळी तो छाती काढून म्हणाला होता. “एवढं स्वच्छ यंत्र तुम्ही पाहिलं नसेल.”

आणि आज त्या स्वच्छ यंत्रानं त्याला तोंडघशी पाडलं होतं. जोडणीची खिडकी उघडत होती, पण तिच्यातली नावंच नाहीशी झाली होती. जुन्या संगणकावर तिथं नावांची रांग लागायची. या प्रकारचा सर्व्हर, त्या प्रकारचा सर्व्हर, इंटरनेटवरून, आतल्या तारेवरून, कसं जोडायचं ते निवडा. आता एकच नाव. ‘हा संगणक’. दवाखान्याचा पत्ता टाकायची चौकटसुद्धा गायब.

त्यानं संगणक बंद करून चालू केला. सॉफ्टवेअर काढून पुन्हा घातलं. पुन्हा काढलं, पुन्हा घातलं. इंटरनेट तपासलं, ठणठणीत. दवाखान्याचा सर्व्हर तपासला, तोही जागा. इथून हाक मारली की तिथून ओ येत होती. पण खिडकी उघडावी तर तेच. ‘हा संगणक’.

“काय दिसतंय म्हणालास त्यात?” आऊनं विचारलं.

“फक्त हाच संगणक. म्हणजे याच्याशी हाच जोडता येतो. दुसऱ्या कुणाशी नाही.”

“म्हंजे आपलं आपल्याशीच बोलतंय?”

“हो!”

“झ्याक हाय की.” आऊनं काडी मोडली. “आपल्याशी बोलायला तार कशाला लागतीया.”

उन्मेषची कानशिलं तापली. या बाईला यातलं काही कळत नाही आणि हिला गंभीरही होता येत नाही, असं त्याला वाटलं. वाटलं म्हणजे अगदी स्पष्ट वाटलं. मग शिष्यानं गुरूबद्दल असं वाटून घेऊ नये म्हणून ते त्यानं लगेच सोडून दिलं. सोडायची सवय होतीच.

तेवढ्यात खोलीच्या दारात मणेर डॉक्टरीणबाई येऊन उभ्या राहिल्या.

“उन्मेष, झालं का? सुंदराची नोंद हवीय मला. आत्ता हवीय.”

“होत नाहीये, डॉक्टर. कंपनीनं पर्याय लपवलेत. फुकटच्या आवृत्तीत दाखवतच नाहीत. सरळ सरळ लूट आहे!”

“दवाखान्यात फोन लावला. रविवार आहे, ऑफिसला कुलूप, कुणी उचलत नाही. बरं, ती जुनी कार्डं काढा. पुठ्ठ्याची. आऊ प्रत्येकाचं ठेवायची ना?”

उन्मेषनं नजर पडद्याकडं वळवली.

“कुठायत कार्डं?”

“...बंबात.”

“कशात?”

“अंघोळीच्या पाण्याच्या बंबात घातली. सगळं सर्व्हरवर होतंच, मग संग्रह कशाला, म्हणून...”

डॉक्टरीणबाईंनी डोळे मिटले. उघडले. त्यांना जे बोलायचं होतं ते आऊसमोर बोलण्यासारखं नव्हतं, म्हणून त्या नुसत्या त्याच्याकडं बघत राहिल्या.

त्यांच्यामागं धुळू येडगे उभा होता. पठाराच्या पलीकडच्या धनगरवाड्यावरचा. खांद्याला घोंगडं, हाताला धरलेली सुंदरा. पोरगी वयात आलेली, पण चालताना बापाचा हात सोडत नव्हती. कपाळावर ताजी खोक होती. परवा चुलीपुढंच पडली होती. चूल विझलेली होती म्हणून वाचली.

“म्हाराज,” धुळू उन्मेषला म्हणाला, “गोळीचं पाकीट पावसात भिजून गेलं. पांढरी व्हती का पिवळी, ते मला सांगता न्हाई येत. तुमच्यात लिवलेलं हाय म्हणत्यात.”

“लिहिलेलं आहे, धुळूदादा. पण दिसत नाही.”

“दिसंना व्हय?” धुळूनं खोलीत डोकावून पडद्याकडं बघितलं. “लख्ख उजेड तर पडलाय की.”

“डॉक्टर, अंदाजानं द्या ना काहीतरी,” उन्मेष म्हणाला.

“अंदाजानं?” डॉक्टरीणबाईंचा आवाज चढला. “शेकडो पेशंट बघते मी. मागच्या खेपेला हिची गोळी बदललेली मला आठवतेय, कुठल्या गोळीवरून कुठल्या गोळीवर ते आठवत नाही. कमी पडली तर फिट, जास्त झाली तर पोरगी झोपेतून उठायची नाही. तुमच्या घरातली असती तर म्हणाला असता, अंदाजानं द्या?”

“माझं घर मी सोडलंय.”

हे तो बोलून गेला. बोलायची सवय झालेली होती. पण या वेळी ते वाक्य पडवीत कुणी उचललंच नाही. तसंच पडून राहिलं.

धुळूनं घोंगडं सावरलं.

“मग आऊ, मी निघतो. दीस वर आलाय. जाता जाता वळणावर दावून बघतो. तेवढाच एक हाय आता.”

आऊचा हात पहिल्यांदा थांबला.

“कुणाला दावून बघतोस?”

धुळूनं घाटाकडं मान वळवली.

“दंड दाव,” आऊ सुंदराला म्हणाली. पोरीनं बाही वर केली. दंडावर जुना डाग होता, विळ्याच्या पात्याएवढा, चकचकीत. आऊनं तो बघितला नाही. तो तिला पाठ होता. तिनं धुळूला बघायला लावला.

“अजून एका डागाला जागा हाय का बघ हिच्या अंगावर. असंल तर जा.”

“मग मी काय करू?” धुळूही भडकला. “हितं डॉक्टर हाय, म्हाराज हाय, यंत्र हाय, तू हायस! आणि माझी पोर पडतीया! तुमच्या यंत्राची मर्जी व्हईस्तवर तिला धरून बसू?”

त्याचं खरंच होतं. 

“जेवल्याबिगर मठातनं कुणी जात न्हाई,” आऊ म्हणाली. “पंगत बसतीया. जेव. मग कुठं जायचं तिथं जा.”

धुळू धुसफुसत खांबाला टेकून बसला. आऊच्या अन्नाला पाठ दाखवून निघायची हिंमत पठारावर कुणात नव्हती.

डॉक्टरीणबाईंनी घाटाकडं बघितलं. खालून धुकं चढायला लागलं होतं.

“धुकं भरायच्या आत मला घाट उतरायला हवा, आऊ. जेवते आणि निघते. तोवर झालं तर झालं.”

उन्मेष पुन्हा संगणकापुढं जाऊन बसला. पण आता त्याला सुधारायचं काही सुचेना, म्हणून त्यानं कंपनीला पत्र लिहायला घेतलं. बोटं कशी धावत होती! संतापाला शब्द कधी कमी पडत नाहीत. पत्र पुरं झालं तेव्हा त्याला जरा हलकं वाटलं. तो बाहेर आला.

“आऊ, असं झोडपलंय त्यांना की ज्याचं नाव ते. ऐका. ‘ग्राहकापासून पर्याय लपवणं हा उघड उघड दरोडा आहे. जोडणी हा या सॉफ्टवेअरचा प्राण आहे आणि तोच तुम्ही काढून घेतला आहे. याला जबाबदार कोण?’...”

आऊनं सगळं ऐकून घेतलं. मन लावून ऐकलं.

“ब्येस लिवलंयस. धाडलंस?”

“पाठवलं.”

“मग सुंदराची फिट थांबली आसंल.”

उन्मेषनं ओठ चावला. आऊनं पत्रावळींची चळत उचलली आणि ती स्वयंपाकघराकडं गेली.

आऊच्या पंगतीला एक नियम आहे. वाढणाऱ्यानं प्रत्येक पानापाशी थांबायचं, मग पुढं कुणीही बसलेला असो. ज्याला नको असेल त्यानं पानावर आडवा हात धरायचा. हात दिसला की वाढणाऱ्यानं आग्रह करायचा नाही, कारण विचारायचं नाही, तोंड वाकडं करायचं नाही. मुकाट पुढच्या पानाकडं जायचं. मठात येणाऱ्यांपैकी कुणाला पथ्य असतं, कुणाला उपास असतो, कुणाला गिळताना त्रास होतो. कुणी कुणाला सांगत बसायची गरज पडू नये, म्हणून हा हात.

पडवीत पानं मांडली. उन्मेषच्या एका बाजूला डॉक्टरीणबाई, दुसऱ्या बाजूला सुंदरा, तिच्यापलीकडं धुळू.

त्या दिवशी आऊ स्वतः वाढायला उठली.

मीठ आलं. उन्मेषनं पानावर हात धरला. आऊ पुढं गेली.

लिंबाची फोड आली. हात होताच. कांद्याची चटणी आली. हात तिथंच. आता तर उन्मेषचं पानाकडं लक्षही नव्हतं. तो डॉक्टरीणबाईंकडं वळून सांगत होता.

“तुम्हाला कल्पना नाही, डॉक्टर. या कंपन्या आधी सवय लावतात. मग हळूच एकेक गोष्ट काढून घेतात. माणसानं विचारलं तर उत्तर नाही. मी या धंद्यात होतो, मला ठाऊक आहे आतून काय चालतं. म्हणून तर सोडलं!”

बटाट्याची भाजी आली आणि गेली.

“आणि वर आपल्यालाच मूर्खात काढतात. म्हणे तुमच्याकडूनच काहीतरी झालं असेल. माझ्याकडून! मी असली सॉफ्टवेअरं बनवायचो!”

भात आला. आऊ त्याच्या पानापाशी थांबली, हाताकडं बघितलं, आणि सुंदराच्या पानाकडं गेली. तिथं भाताची मूद पडली. वरण आलं. आऊ थांबली, बघितलं, पुढं गेली. तूप आलं. थांबली, बघितलं, पुढं गेली.

पंगत जेवायला लागली. वरणभाताचा वास सुटला. डॉक्टरीणबाईंनी पहिला घास घेतला. उन्मेष बोलायचा थांबला आणि त्यानं खाली बघितलं.

“आऊ!”

“काय रं?”

“माझं पान रिकामं आहे.”

“व्हय?”

“भात नाही. वरण नाही. काहीच नाही.”

“पातेल्यात हाय. मी आत्ता बघितलंय.”

“मग माझ्यापर्यंत का नाही आलं?”

आऊनं पातेल्यात डोकावून बघितलं. हलवून बघितलं. कानाशी नेऊन ऐकल्यासारखं केलं.

“पातेलं बिघडलं आसंल,” ती म्हणाली. “पातेल्याच्या कंपनीला पत्र धाड.”

पंगतीत कुणीतरी फिस्‌कन हसलं. डॉक्टरीणबाईंना ठसका लागला.

आता मात्र उन्मेषचा तोल सुटला.

“ही काय चेष्टा आहे, आऊ? ही पोर इथं अशी बसलीय. मी पहाटेपासून त्या यंत्रापुढं मरतोय. पाण्याचा घोट घेतला नाही. आणि तुम्ही सगळ्यांदेखत माझी थट्टा करता? सगळ्यांना वाढलंत! मलाच तेवढं वगळलंत! का? मी काय केलंय असं? सांगा ना! माझ्याच पानावर का नाही पडत काही?”

आऊ उभी होती. हातात पातेलं, नजर त्याच्यावर. 

 धुळूचा घास हातातच राहिला.

“म्हाराज...” शेजारून बारीक आवाज आला. सुंदरा होती. आजाराच्या गुंगीतून ती एकेक शब्द ओढून काढत होती. “म्हाराज... तुमचा हात.”

उन्मेषनं खाली बघितलं.

हात अजून पानावर होता. आडवा. एवढं ओरडला, एवढं रागावला, तरी हलला नव्हता. बोटं अशी पसरलेली की पानाचा हिरवा रंगही दिसू नये.

...

त्याला आठवलं.

सॉफ्टवेअर बसवताना ते विचारत गेलं होतं. एकामागून एक पडदे. या प्रकारच्या सर्व्हरशी जोडायची सोय हवी का? त्या प्रकारच्या? इंटरनेटवरून जोडायची? प्रत्येकापुढं बरोबरची खूण आधीच केलेली होती. काही न करता नुसतं पुढं पुढं गेला असता तरी सगळं बसलं असतं. पण त्यानं प्रत्येक खूण काढली होती. नको. हेही नको. याची काय गरज? एवढं कशाला बाळगायचं? प्रत्येक नकोबरोबर त्याला कसं स्वच्छ, कसं उंच वाटत गेलं होतं. आणि आज सकाळी काढून पुन्हा घातलं तेव्हाही, दर वेळी, हात आपोआप त्याच खुणा काढत गेला होता. नको, नको, नको.

यंत्रानं काहीही लपवलं नव्हतं. ते दर वेळी प्रत्येक गोष्ट घेऊन त्याच्या पानापाशी थांबलं होतं, हात बघितला होता, आणि मुकाट पुढं गेलं होतं.

उन्मेष उठला. भरल्या पंगतीतून उठणं या मठात कुणी करत नाही. आऊनं त्याला अडवलं नाही. हात धुवायचा प्रश्नच नव्हता. तो खरकटाच झाला नव्हता.

खोलीत त्यानं सॉफ्टवेअर काढलं आणि पुन्हा घालायला घेतलं. पहिला पडदा आला. हेही हवं का?

बोट खुणेवर गेलं. सवयीनं गेलं. त्यानं ते मागं घेतलं.

राहू दे.

हे?

राहू दे.

हेही?

या एका प्रकारच्या सर्व्हरचं त्यानं नावसुद्धा कधी वापरलं नव्हतं. हात शिवशिवला. पण कोण जाणे उद्या कुणाला लागेल ते.

...राहू दे.

हिरवी पट्टी मुंगीच्या पावलानं सरकायला लागली. मागं डॉक्टरीणबाई येऊन उभ्या राहिल्या. त्यांच्या हाताला वरणाचा वास होता. दारात धुळू, त्याला धरून सुंदरा.  बाहेर धुकं हिरड्याच्या झाडापर्यंत आलं होतं.

पट्टी भरली. उन्मेषनं जोडणीची खिडकी उघडली.

नावांची रांग लागली होती. वरपासून खालपर्यंत, पंगतीसारखी.

त्यानं दवाखान्याच्या सर्व्हरचा प्रकार निवडला. पत्त्याची चौकट आपसूक उघडली. पत्ता घातला, पासवर्ड घातला. क्षणभर काहीच नाही... आणि मग पडदा नोंदींनी भरून गेला. त्यानं शोधलं. सुंदरा धुळू येडगे.

डॉक्टरीणबाई पुढं वाकल्या. वाचता वाचता त्यांचा चेहरा बदलला.

“पांढरी गोळी हिला चालत नाही,” त्या हळूच म्हणाल्या. “अंगभर पुरळ उठलं होतं, तोंडात फोड आले होते. मीच थांबवली होती. मीच लिहिलंय इथं.” त्यांनी त्या ओळीवर बोट ठेवलं. “आज अंदाजानं द्यायची वेळ आली असती तर मी पांढरीच दिली असती.”

उन्मेषनं खुर्चीची कड घट्ट धरली.

डॉक्टरीणबाईंनी पिवळ्या गोळीचा डोस वाढवून दिला, धुळूकडून पुन्हा पुन्हा वदवून घेतला, पाकीट प्लॅस्टिकमध्ये बांधून दिलं आणि जीपकडं धावल्या. बापलेक जेवण पुरं करून निघाली. उन्मेष हिरड्याखाली जाऊन उभा राहिला. खाली वळणावर धुक्यात धुनी दिसत होती, आणि तिच्यापुढं बसलेला माणूस. बापलेक त्याच्यासमोरून गेली. माणूस उठून उभा राहिला, त्यानं काहीतरी हाक मारली. धुळूनं पोरीचा हात दुसऱ्या हातात घेतला, तिला रस्त्याच्या आतल्या बाजूला केलं, आणि चालत राहिला.

उन्मेष परत आला तेव्हा दुसरी पंगत बसत होती. उशिरा आलेली माणसं, राबलेल्या बायका. आऊ पडवीच्या टोकाला पुन्हा पत्रावळ लावत बसली होती. तो तिच्यापुढं मांडी घालून बसला.

“आऊ, चूक माझी होती. यंत्राची नव्हती.”

पानाला पान लागलं. काडी मोडली.

“कंपनीला माफीचं पत्र लिहितो.”

काडी मोडली.

“मी फार विचार केला, आऊ. हा सगळा माझ्या जुन्या ज्ञानाचा अहंकार होता. तो या संगणकातून येतो. म्हणून ठरवलंय...” त्यानं हात जोडले. “आजपासून मी संगणकही सोडला.”

आऊनं हातातली पत्रावळ खाली ठेवली.

सकाळपासून एवढं झालं, पण आऊचा आवाज चढला नव्हता. आता ती अशी कडाडली की स्वयंपाकघरातली भांडी थांबली.

“काय सोडलंस?”

“स... संगणक.”

“पुढच्या अमावास्येला ती पोर येईल. तिची नोंद कोण काढंल? माझा बाप?”

उन्मेषचे जोडलेले हात खाली आले.

“कार्डं जाळलीस तवा मी गप बसले. म्हटलं पोरगं शिकंल. मीठ सोडलंस, गप बसले. वाढायचं सोडलंस, गप बसले. जिथं तिथं आपला हात आडवा! अरं, तुझ्या पानावर तू काय वाट्टेल ते कर. तिच्या पानावर हात ठेवायचा तुला कुणी अधिकार दिला?”



उन्मेषचे डोळे भरून आले. आणि त्याच वेळी त्याला संतापही आला, लहान पोराला येतो तसा. ज्यासाठी घर सोडलं, माणसं सोडली, ते सगळं या बाईनं एका दमात उकिरड्यावर टाकलं होतं.

“मग मी सोडू तरी काय, आऊ?” तो रडवेल्या आवाजात ओरडला. “हे सोडलं तर चुकलं, ते सोडलं तर चुकलं! इथं आलोय तो काहीतरी सोडायलाच ना? मग तुम्हीच सांगा, काय सोडू?”

आऊ त्याच्याकडं बघत राहिली. 

“वरण!” पंगतीच्या टोकाकडून कुणीतरी हाक मारली. “इकडं वरण कुणी वाढतंय का?”

आऊ गुडघ्यावर हात टेकून उठली. आत गेली. वाफाळत्या वरणाची बादली घेऊन आली, तिच्यात पळी खुपसलेली. ती उन्मेषच्या पुढ्यात आणून तिनं धरली, कडी त्याच्या छातीला टेकेल इतकी जवळ.

“आधी हे धर.”